ऊन-सावली पाहून फुलझाडांची निवड

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात जून महिन्यात हौसेने लावलेली फुलझाडे पुढील जूनपर्यंत दिसेनाशी होतात, हा सोलापूर जिल्ह्यातील नेहमीचा अनुभव आहे. आळी तेवढी उरतात. दोष बहुधा पाणीटंचाईला दिला जातो आणि तो अगदीच खोटा नाही. वर्षाचा पाऊस सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास, मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर आणि नेमक्या त्याच महिन्यात शाळांना सुटी. परंतु कोणते झाड लावावयाचे हे ठरवताना जागेवर ऊन किती व केव्हा पडते, हे पाहिले जात नाही. पुष्कळ झाडे या कारणानेही दगावतात.

सोलापूर शहर १७.७ उत्तर अक्षांशाच्या जवळपास वसलेले आहे. येथे सूर्य वर्षातून दोन वेळा, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या आरंभी, बरोबर डोक्यावर येतो. त्या मधल्या काळात तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो आणि उगवतो-मावळतोही उत्तरेकडे कलून. त्यामुळे डिसेंबरात दिवसभर सावलीत असणारी इमारतीची उत्तर बाजू मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ उन्हात येते. हिवाळ्यात गारवा पाहून तेथे लावलेले नाजूक झाड उन्हाळ्यात करपते, याचे इंगित हेच. पश्चिमेची भिंत सर्वांत कठीण. तेथे तिसऱ्या प्रहरचे ऊन तर लागतेच, शिवाय तापलेली भिंत रात्रीही धग सोडीत राहते. पूर्वेकडे सकाळचे कोवळे ऊन व दुपारनंतर सावली मिळते. बहुतेक फुलझाडांना ही बाजू मानवते. शिक्षकांनी डिसेंबरात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा, दर दोन तासांनी आवारातील सावलीच्या कडा विद्यार्थ्यांकडून फक्कीने आखून घेतल्या, तर बागेचा नकाशा आपोआप तयार होतो आणि भूगोलाचा पाठही होतो.

भर उन्हाच्या जागी बोगनवेलीसारखे सोशीक झाड दुसरे नाही. तिचे रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत, ती फुलांभोवतीची पाने होत. खरी फुले आत, लहान व पांढरट असतात. मुळे खोल गेल्यावर पाणी बेताचे दिले की ती रंगाने भरते, जास्त दिले की नुसता पाला वाढतो. सदाफुली, झेंडू आणि काटेकोरांटी याच पंक्तीत बसतात. मोगऱ्यालाही भरपूर ऊन लागते. सावलीतील मोगरा पाने धरतो पण कळ्या धरीत नाही, आणि दोष मात्र रोप विकणाऱ्याला लागतो. कण्हेर कोरड्यातही तग धरते, शेळ्या तिला तोंड लावीत नाहीत. पण तिचा प्रत्येक भाग विषारी असल्याने अंगणवाडीच्या व प्राथमिक शाळेच्या आवारात तिला जागा देऊ नये. पिवळ्या कण्हेरीच्या बियांबाबतही हीच खबरदारी हवी.

माळरानावरील तरवडाला बागेत सहसा कोणी विचारीत नाही. पिवळ्या फुलांचे हे झुडूप या मातीचेच आहे. त्याची साल पूर्वी कातडी कमावण्यासाठी वापरीत. कुंपणाकाठी लावल्यास एकदा जीव धरल्यावर ते फारशी निगा मागत नाही. रोपवाटिकेतून दूरची रोपे आणण्यापूर्वी त्याचा विचार व्हावा.

अर्धसावलीसाठी अबोली उत्तम. दुपारच्या उन्हापासून जपले व ओल राखली, तर ती वर्षातील बराच काळ फुलते आणि गजऱ्यालाही उपयोगी पडते. तगर, गुलबक्षी यांनाही पूर्वेची बाजू चालते. वड-लिंबाच्या दाट छायेत मात्र फुलांचा आग्रह धरू नये. तेथे प्रकाश अपुरा असतोच, शिवाय मोठ्या झाडाची मुळे ओल शोषून घेतात. अशा जागी कुंड्यांतून कोलियससारखी रंगीत पानांची झाडे ठेवणे शहाणपणाचे.

जमिनीचाही विचार हवा. येथील काळी जमीन चुनखडीयुक्त असते. तीत लोह असूनही मुळांना ते सहज मिळत नाही. एक्झोऱ्याची पाने त्यामुळे पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसावर पडणारा ‘केवडा’ शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे, त्यातलाच हा प्रकार. अशा जागी एक्झोरा टाळलेला बरा. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून खड्ड्याच्या मातीत मुरूम व कुजलेले शेणखत मिसळावे.

लागवडीसाठी जूनचीच घाई करण्याचे कारण नाही. जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. त्या ओलीवर लावलेल्या रोपांना मूळ धरण्यास पुढचे थंडीचे महिने मिळतात. उन्हाळ्यापूर्वी आळ्यात उसाचे पाचट अथवा वाळलेला पाला चार बोटे जाड पसरावा. रोपाशेजारी कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे व तोंड झाकावे. पाणी हळूहळू पाझरून मुळांपाशी पोहोचते आणि वाफ होऊन वाया जात नाही. सुटी लागण्यापूर्वी कोणत्या आठवड्यात मडकी कोणी भरावयाची, याची यादी मुख्याध्यापक व ग्रामसेवक यांनी मिळून करावी आणि शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.