आघाताचा इलाज

 देवासच्या टेकडीवर चामुंडा व तुळजाभवानी यांच्या दर्शनास पायऱ्या चढणाऱ्यांपैकी कित्येकांची टाच ठणकते, आणि सहा महिने विश्रांती व व्यायाम करूनही ती दाद देत नाही, तेव्हा वैद्य 'शॉक वेव्ह' उपचार सुचवितात. त्यात विजेचा संबंध रुग्णाच्या देहाशी येत नाही. क्षणार्धात उसळून ओसरणाऱ्या दाबाच्या ध्वनिलहरी तेवढ्या बाहेरून आत सोडल्या जातात. 1980 साली म्यूनिक येथे अशाच लहरींनी मूत्रपिंडातील खडा प्रथम फोडण्यात आला; पुढे असे दिसून आले की, खडा भंगविणारा हा आघात मोजक्या मात्रेत जिवंत ऊतींवर केल्यास पेशी चेतविल्या जातात, सूक्ष्म रक्तवाहिन्या नव्याने फुटतात आणि न सांधणारे हाडही कधी कधी सांधू लागते. टाचेसाठी बहुधा आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच बैठका होतात. गुण सावकाश, कित्येक आठवड्यांनी येतो, आणि सर्वांस येतोच असेही नाही. व्यायाम सोडून केवळ यंत्रावर भिस्त ठेवणे मला तरी अविचाराचे वाटते. गर्भवतींना आणि आघाताच्या जागी अर्बुद असलेल्यांना हा इलाज वर्ज्य. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तसे आधीच सांगावे.