हिवाळ्यातील पक्षी : अंगणातील दाणे आणि हरभऱ्यातील थांबे

हिवाळ्यात पक्ष्यांना दाणे घालण्याची प्रथा जगाच्या अनेक भागांत आढळते. जेथे जमीन महिनोन्‌महिने बर्फाखाली असते, तेथे लहान पक्ष्याला रात्रभर तग धरण्यापुरती चरबी दिवसाच्या मोजक्या तासांत मिळवावी लागते. अशा ठिकाणी मूठभर दाणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. आपल्या देशात काश्मीर, लडाख व हिमाचलाचा उंच भाग वगळल्यास ही स्थिती नाही. उलट गंगेच्या मैदानापासून दख्खनच्या पठारापर्यंत ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ पक्ष्यांच्या सुबत्तेचा असतो. खरिपाची मळणी नुकतीच झालेली असते, खळ्यावर व शेतात दाणे सांडलेले असतात, ओलीत कीटक भरपूर असतात. मध्य आशिया व सायबेरियातून असंख्य पक्षी येथे येतात ते याच सुबत्तेसाठी. आपल्या पक्ष्यांची खरी ओढाताण होते ती एप्रिल-मे महिन्यांत, आणि तीही प्रामुख्याने पाण्यासाठी.

मग शेतकऱ्याने हिवाळ्यात पक्ष्यांना खाऊ घालावे ते कशासाठी? भूतदया हे एक उत्तर आहेच; परंतु रब्बीच्या शेताचा विचार केला तर दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे ठरते. हरभऱ्याला ज्या पक्ष्यांची सर्वाधिक गरज असते, त्यांपैकी बहुतेक पक्षी दाणे खातच नाहीत. कोतवाल, वेडा राघू, नीलपंख, खाटीक, गप्पीदास, धोबी, गायबगळा हे सारे कीटकभक्षी आहेत. अंगणात कितीही ज्वारी टाकली तरी कोतवाल तिच्याकडे पाहणार नाही. त्याला हवी असते बसायला एक उंच जागा आणि समोर मोकळे रान. म्हणून या पक्ष्यांच्या बाबतीत ‘खाऊ घालणे’ याचा अर्थ शेतातील किडीपर्यंत त्यांची सोय करून देणे, असा घ्यावा लागतो.

हरभऱ्यात पक्ष्यांचे महत्त्व अधिक का?

घाटे अळीचा बंदोबस्त करणारे मित्रकीटक अनेक आहेत. त्यांपैकी ट्रायकोग्रामा ही अंड्यांवर जगणारी सूक्ष्म गांधीलमाशी इतर काही पिकांत चांगले काम करते. हरभऱ्यात मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही. याचे कारण हरभऱ्याची आंब. पहाटे शेतात फडके पसरून आंब गोळा करण्याची रीत जुन्या पिढीला ठाऊक आहे. पाने, खोड व घाटे यांवरील बारीक लव जो आम्लयुक्त स्राव सोडते, त्यात मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले असतात. हा स्राव आणि ती लव यांमुळे इवल्या गांधीलमाशीला झाडावर वावरणेच कठीण होते. कॅम्पोलेटिस नावाची दुसरी परोपजीवी माशी हरभऱ्यात टिकते, पण ती लहान अळ्यांवर हल्ला करते. वाढलेली अळी तिच्या तावडीतून सुटते.

हीच वाढलेली अळी पक्ष्यांच्या वाट्याची. घाटे अळीचा पतंग कोवळी पाने व फुले यांवर एकेक अंडे सुटे घालतो. पहिल्या अवस्थांतील अळी पानांचा हिरवा भाग खरवडून खाते आणि इतकी लहान असते की थांब्यावर बसलेल्या पक्ष्याला ती सहसा दिसत नाही. पुढे ती घाट्याला गोल छिद्र पाडून तोंडाकडचा भाग आत खुपसते, आणि मागचे अर्धे शरीर बाहेर लोंबत राहते. पूर्ण वाढलेली एक अळी आयुष्यात ३० ते ४० घाटे खराब करू शकते, असे मानले जाते. अशी अळी एखाद्या कोतवालाने वा साळुंकीने उचलली तर वाचलेल्या घाट्यांचा हिशेब वाचकांनीच करावा.

यातून एक श्रमविभागणी लक्षात येते. लहान अळीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क आणि घाटे अळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही. मोठ्या अळीसाठी पक्षी. दोन्ही उपाय परस्परपूरक आहेत, एवढेच नव्हे तर विषाणूच्या कामाला पक्षी हातभारही लावतात. विषाणूग्रस्त अळी मरण्यापूर्वी झाडाच्या शेंड्याकडे चढते व तेथे उलटी लटकते. ती पक्ष्यांना सहज दिसते. तिला खाल्ल्यावर विषाणू पक्ष्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडतो आणि विष्ठेबरोबर शेतात अन्यत्र पसरतो. पक्ष्याला त्यापासून कोणताही अपाय होत नाही. विषाणूची फवारणी सायंकाळी करावी, कारण उन्हातील अतिनील किरणांनी तो लवकर निष्प्रभ होतो.

जमिनीखालचे कामही विसरून चालणार नाही. घाटे अळी कोषावस्थेसाठी मातीत शिरते. नांगरटीमागे चालणारे गायबगळे व साळुंक्या आणि लांब चोचीने भुसभुशीत माती उकरणारा हुदहुद हे कोष व मातीतील अळ्या टिपतात. नांगरटीच्या दिवशी ट्रॅक्टरमागे पंचवीस-तीस बगळे दिसले तर त्यांना हाकलण्याचे काहीच कारण नाही.

थांबे कसे व केव्हा लावावेत

हेक्टरी सुमारे ५०, म्हणजे एकरी २० थांबे, ही शिफारस विस्तार कार्यकर्त्यांना परिचित आहे. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची काठी पिकाच्या शेंड्यापेक्षा हात-दीड हात उंच राहील अशी रोवावी. आडवी काडी फार जाड नसावी. पक्ष्याच्या बोटांना ती धरता आली पाहिजे. विकतचे साहित्य आणण्याची गरज नाही. बाभळीची किंवा तुरीची वाळकी, फांद्या असलेली काटकी तेवढेच काम करते, आणि बाभळीच्या काट्यांवर खाटीक आपली शिकार टोचून ठेवतो, हा अधिकचा लाभ. पेरणीच्या वेळी हरभऱ्याच्या बियाण्यात थोडी ज्वारी मिसळली तर तिची ताटे उंच वाढून जिवंत थांबे तयार होतात.

प्रत्यक्षात चूक होते ती वेळेत. अनेक ठिकाणी अळ्या घाट्यांत शिरल्यावर थांबे लावले जातात. पक्ष्यांना एखादे शेत ओळखीचे होण्यास काही दिवस लागतात. म्हणून पीक १५ ते २० दिवसांचे झाल्यावरच थांबे उभे करावेत. फुलोरा येईपर्यंत कोतवालाने आपली जागा ठरवलेली असते.

काही भागांत शेतात शिजवलेला भात किंवा चुरमुरे टाकण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग साळुंकीसारख्या सर्वभक्षी पक्ष्यांपुरता आहे; साळुंकी भातासाठी उतरते आणि मग अळ्याही शोधू लागते. मात्र भात मूठभरच असावा व तो ओळींच्या मधोमध विखरून टाकावा. ढीग केला तर पक्षी भात खाऊन उडून जातात, आणि उरलेल्या भातावर उंदीर येतात.

उंदरांचा विषय निघाला म्हणून सांगावयाचे, की तेच थांबे सायंकाळी व रात्रीही उपयोगी पडतात. कापशी घार, पिंगळा व गव्हाणी घुबड त्यांवर बसून उंदरांची वाट पाहतात. घुबडाचे वजन पेलण्यासाठी चार-दोन थांबे जाड व अधिक उंच ठेवावेत. ज्या शेतात ब्रोमॅडिओलोनसारखे विषारी आमिष वापरले आहे, तेथील मेलेले उंदीर गोळा करून पुरणे आवश्यक आहे. ते खाल्लेल्या घुबडालाही विषबाधा होते.

निरीक्षण

पक्षिनिरीक्षण हा शहरी छंद आहे, अशी समजूत अजून पुसली गेलेली नाही. वस्तुतः कीड-सर्वेक्षणाला त्याची मोठी जोड मिळू शकते. सकाळी उन्हे वर आल्यावर शेताच्या कडेला १५ मिनिटे शांत बसावे. प्रत्येक पक्ष्याचे नाव माहीत असलेच पाहिजे असे नाही. त्याचे काम पाहावे. कोण थांब्यावरून झेप घेऊन परत येतो, कोण ओळींतून चालत टिपतो, कोण हवेतच कीटक पकडतो आणि कोण केवळ दाण्यासाठी आला आहे, एवढी नोंद पुरेशी आहे. एकाच कोपऱ्यात कोतवाल पुनःपुन्हा झेपावत असेल तर त्या कोपऱ्यात जाऊन झाडे हलवून पाहावीत. बहुधा किडीची सुरुवात तेथेच झालेली असते, आणि ती कामगंध सापळ्यापेक्षा अधिक नेमकेपणाने सापडते. सापळा शेतात पतंग आल्याचे सांगतो, कोणत्या ओळीत अळी आहे हे सांगत नाही.

त्याच वेळी एक मीटर ओळीतील अळ्या मोजाव्यात. हे मोजमाप थांब्यांजवळ व थांब्यांपासून दूर असे दोन्ही ठिकाणी केल्यास आपल्या शेतात पक्षी किती काम करीत आहेत, याचा अंदाज येतो. सरासरी १ ते २ अळ्या प्रति मीटर ओळ ही आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली गेली तर पक्ष्यांवर विसंबून राहू नये. पक्षी कीड मर्यादेत ठेवतात; उद्रेक झाल्यावर तो आवरणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. याउलट पातळी गाठलेली नसताना ‘शेजाऱ्याने मारले म्हणून’ केलेली फवारणी दुहेरी नुकसान करते. औषधाचा खर्च होतोच, शिवाय खाद्य संपल्यामुळे पक्षी शेत सोडतात आणि पुढच्या पिढीच्या अळ्यांना मोकळे रान मिळते.

अंगणातील दाणे

दाणेखाऊ पक्ष्यांसाठी अंगणात किंवा मळ्यातील घरापाशी दाणे ठेवण्यास हरकत नाही. चिमणी, होला, मुनिया, सुगरण यांना बाजरी, राळा, ज्वारी व तांदळाची कणी चालते. फरसाण, खारे शेंगदाणे, पाव आणि बुरशी लागलेले धान्य देऊ नये. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन पक्ष्यांनाही घातक असते. पेरणीनंतर उरलेले प्रक्रिया केलेले बियाणे पक्ष्यांसमोर कधीही टाकू नये. पेरताना सांडलेलेही मातीआड करावे. पाण्याचे भांडे उथळ असावे व ते रोज घासून भरावे.

यापेक्षा अवघड प्रश्न जागेचा आहे. दाणे जेथे पडतात तेथे थवे जमतात. ज्वारीची कणसे दुधात असताना शेजारीच दाण्यांची पंगत मांडली, तर पोपट आणि भोरड्या यांना आमंत्रण दिल्यासारखेच होते. भोरडी मूळची कीटकभक्षी. मध्य आशियातील आपल्या विणीच्या प्रदेशात ती टोळ व नाकतोडे मोठ्या प्रमाणात खाते, आणि चीनमधील शिनजियांग प्रांतात तर तिच्यासाठी मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधल्या जातात. आपल्याकडे मात्र ती ज्वारीच्या हंगामात थव्यांनी कणसांवर उतरते. मित्र किंवा शत्रू असा शिक्का कोणत्याही पक्ष्यावर कायमचा मारता येत नाही. पीक, त्याची अवस्था व महिना पाहावा लागतो. म्हणूनच भात, ज्वारी, सूर्यफूल अशा पिकांत दाणे भरू लागताच थांबे काढून घेण्यास सांगितले जाते.

मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना पोसण्याचे आपल्या देशातील सर्वांत ठळक उदाहरण राजस्थानातील फलोदीजवळच्या खीचन गावाचे आहे. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत येथे कांड्या करकोचे, स्थानिक भाषेत कुरजां, हजारोंच्या संख्येने उतरतात. गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी ‘चुग्गाघर’ नावाचे कुंपण घातलेले आवार राखले असून तेथे रोज धान्य पसरले जाते. २०२५ मध्ये खीचनचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. गावाची ही निष्ठा असामान्य आहे, यात शंका नाही. पण एकाच जागी मोठे थवे एकवटले की धोकेही वाढतात. आसपासच्या वीजतारांना धडकून करकोचे मेल्याच्या नोंदी तेथे आहेत, आणि दाटीत रोग झपाट्याने पसरतो. लहान प्रमाणावर दाणे घालणाऱ्यांनीही म्हणून जागा अधूनमधून बदलावी, जुने दाणे व विष्ठा झाडून काढावी.

कुक्कुटपालन करणाऱ्यांनी तर शेडजवळ दाण्या-पाण्याचे भांडे ठेवूच नये. जानेवारी २०२१ मध्ये अनेक राज्यांत बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला तेव्हा कावळे व स्थलांतरित पक्षीही मोठ्या संख्येने मरण पावले होते. हिवाळ्यात एकाच ठिकाणी दोन-चार पक्षी मेलेले आढळल्यास त्यांना उघड्या हाताने स्पर्श न करता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. नमुन्यांची अंतिम तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते.

नोंद कोठे द्यावी

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. तो प्रामुख्याने सामान्य निरीक्षकांनी ‘ईबर्ड’वर दिलेल्या नोंदींवर आधारलेला आहे. शेतातील किडे खाणारा नीलपंख लक्षणीयरीत्या घटल्याचे त्यात दिसून आले. कर्नाटक, तेलंगणा व ओडिशा या तीन राज्यांचा हा राज्यपक्षी. उत्तर भारतात दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात, आणि त्या दर्शनासाठी त्याला पकडून पिंजऱ्यात घालण्याचे प्रकार होतात; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

अशा नोंदींत गावशिवारातील शेतांचा वाटा वाढणे गरजेचे आहे. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही गणना होते आणि भारतातील निरीक्षक २०१३ पासून तीत सहभागी होत आहेत. किमान १५ मिनिटे एका ठिकाणी दिसलेल्या पक्ष्यांची यादी व संख्या मोबाइलवरून भरावयाची असते. त्या सुमारास उशिरा पेरलेला हरभरा घाट्यांत असतो. शेताच्या कडेला बसून केलेली १५ मिनिटांची नोंद या गणनेतही चालते.