घाटावरचे तास

अनंत चतुर्दशीच्या दुपारी चिंचवडला मोरया गोसावी मंदिराजवळ, पवनेच्या घाटावर जरा वेळ उभे राहावे. एकोणीस-वीस वर्षांची मुले-मुली येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला विनवत असतात, "काका, निर्माल्य नदीत नको, इकडे द्या." कुणी देतो, कुणी "आम्हाला शिकवतोस काय?" म्हणून डाफरतो. मुलगा ओशाळतो, पण पुढच्या काकांकडे वळतो.

यांतले बरेच जण राष्ट्रीय सेवा योजनेचे, म्हणजे कॉलेजच्या भाषेत 'एनएसएस'चे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि सात दिवसांचे शिबिर, असा तिचा हिशेब.

यातून मुलांना मिळते काय? सवलतीचे गुण आणि प्रमाणपत्र, हे पालकांचे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. चाकणच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या इंजिनिअरच्या हाताखाली वडिलांच्या वयाचे कामगार असतात. त्यांच्याशी बोलावे कसे, हे कुठल्याच सेमिस्टरला नसते. घाटावर पन्नास नकार पचवलेल्याला तिथे आवाज चढवायची गरज सहसा पडत नाही. मुलाखतीत तो जे सांगेल, तेही पाठ केलेले नसेल.

शिबिर खेड-मावळातल्या एखाद्या गावात असले, तर आणखी एक गोष्ट कळते. ज्या घरी भाकरी खाल्ली, त्याच घराची जमीन एमआयडीसीत गेलेली असू शकते. आपली उद्याची नोकरी कुणाच्या तरी बांधावर उभी आहे, हे विशीत कळलेले बरे.

निगडी-आकुर्डीच्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाडा-विदर्भातून आलेली कितीतरी मुले राहतात. त्यांच्या अंगावर रविवार येतो. दिवसभर चर खणून, हाताला फोड घेऊन पंगतीत बसले, की शेजारचा आपोआप ओळखीचा होतो. झोपही लागते. मनाच्या आजारावर हा इलाज नव्हे, त्याला डॉक्टरच हवा. पण एकटेपणाची धार बोथट होते.

मात्र हे सारे काम खरे असेल तरच. पाहुण्यांच्या स्वागताला रांगेत उभे करायचे, झाडू हातात देऊन फोटो काढायचा आणि वहीत चार तास मांडायचे, हा प्रकारही आपल्याकडे कमी नाही. अशा मुलाला घरी आल्यावर आई विचारते, "आज काय केलंस रे?"

"काही नाही. उभा होतो."