जहाजबुडीची सचेतन पुनर्रचना

बुडालेल्या जहाजाचे अखेरचे क्षण लेखी नोंदी, साक्षी, भग्नावशेष व गणित यांच्या आधारे निश्चित करून ते चलत् चित्रमालिकेच्या रूपाने पडद्यावर दाखविण्याच्या पद्धतीस जहाजबुडीची सचेतन पुनर्रचना म्हणतात. स्थिर चित्रे किंवा प्रतिकृती एकेक चौकटीने चित्रित करून त्यांत गतीचा आभास निर्माण करण्याच्या तंत्राला सचेतनीकरण वा ॲनिमेशन अशी संज्ञा आहे. जहाजबुडी ही बहुधा भर समुद्रात, वादळात किंवा रात्री घडते. तिचे छायाचित्र सहसा नसते आणि वाचलेल्या प्रत्येकाने प्रसंगाचा एखादाच भाग पाहिलेला असतो. हे विखुरलेले भाग एका कालक्रमात बसवून पाहणे, हा या पद्धतीचा मुख्य हेतू होय. चौकशी, नाविकांचे प्रशिक्षण, संग्रहालये आणि माहितीपट यांमध्ये तिचा उपयोग करण्यात येतो.

इतिहास : या प्रकारातील पहिली महत्त्वाची कृती म्हणजे अमेरिकन व्यंगचित्रकार विन्झर मॅके याचा ‘द सिंकिंग ऑफ द लुसिटेनिया’ (१९१८) हा मूकपट होय. लुसिटेनिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यानजीक यू–२० या जर्मन पाणबुडीने पाणतीर मारून बुडविले. ते अवघ्या १८ मिनिटांत बुडाले व सु. १,२०० माणसे मृत्युमुखी पडली. या घटनेचे चलच्चित्र अस्तित्वात नव्हते. मॅकेने सु. २२ महिने खपून, पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांवर चित्रे काढून सु. १२ मिनिटांचा हा पट सिद्ध केला. समुद्राच्या लाटा, धुराचे लोट आणि कलत जाणारे जहाज यांचे त्यातील चित्रण वृत्तपटासारखे भासते. तथापि हा पट युद्धकालीन प्रचाराचेही साधन होता. जहाजावर दोन पाणतीर आदळले, असा त्या वेळी प्रचार झाला. पाणबुडीच्या रोजनिशीत मात्र एकाच पाणतिराची नोंद आहे. दुसरा स्फोट कशाचा, याविषयी मतभेद आहेत. चित्र जितके खरे भासते, तितकी त्यातील चूक अधिक दृढमूल होते, हा या प्रकाराचा धोका प्रारंभीच दिसून आला.

भारतात सचेतनीकरणाचे प्रयोग मराठी निर्मात्यांनी लवकर केले. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात आगपेटीच्या काड्यांना चौकटीमागून चौकट अशी गती दिली. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा सचेतनपट काढला. मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ मध्ये व्यंगपट विभाग सुरू झाला. ही परंपरा मुख्यतः मनोरंजन व लोकशिक्षण यांकडे वळलेली होती.

पुराव्याबरोबर चित्र कसे बदलते, याचे ठळक उदाहरण टायटॅनिक जहाजाचे आहे. १५ एप्रिल १९१२ रोजी पहाटे हे जहाज बुडाले. बुडण्यापूर्वी ते दुभंगले असे काही वाचलेल्या प्रवाशांनी सांगितले होते. परंतु ब्रिटिश चौकशीत ते अखंड बुडाल्याचे मानण्यात आले. त्यामुळे ‘अ नाइट टु रिमेंबर’ (१९५८) या काळजीपूर्वक काढलेल्या चित्रपटातही ते अखंडच बुडताना दिसते. १९८५ मध्ये समुद्रतळाशी सु. ३,८०० मी. खोलीवर त्याचे दोन अलग भाग सापडले. त्यानंतरच्या ‘टायटॅनिक’ (१९९७) या चित्रपटात ते दुभंगताना दाखविले असून, बुडण्याची प्रक्रिया समजावून देणारा एक छोटा संगणकीय सचेतनपटही कथेतच गुंफला आहे. ज्या साक्षी ७३ वर्षे बाजूला ठेवल्या गेल्या, त्याच अखेर खऱ्या ठरल्या.

तत्त्व व तंत्र : तरंगणाऱ्या जहाजावर दोन बले कार्य करतात : गुरुत्वमध्यातून खाली कार्य करणारे वजन आणि बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर कार्य करणारे उत्प्लावक बल. जहाज कलले की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो व उत्प्लावक बलाची रेषा कललेल्या बाजूकडे सरकते. ही नवी रेषा जहाजाच्या मध्यरेषेस ज्या बिंदूत छेदते, तो गुरुत्वमध्याच्या वर असेपर्यंत जहाज पुन्हा सरळ होऊ पाहते. या दोन बिंदूंमधील अंतर जितके कमी, तितके जहाज अस्थिर असते. माणसे वरच्या डेकवर जमली की गुरुत्वमध्य वर चढतो व हे अंतर घटते.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. ५०० टन एकूण वजनाच्या बोटीत हे अंतर ०·६ मी. आहे व सरासरी ५० किग्रॅ. वजनाची ५०० माणसे एका बाजूस ३ मी. सरकली, असे मानल्यास बोट स्थिर पाण्यातही सु. १४ अंश कलते. तेच अंतर ०·३ मी. असेल, तर कल सु. २७ अंश होतो. त्यावर लाटेचा तडाखा व वाऱ्याचा दाब यांची भर पडली आणि डेकची कड पाण्याखाली गेली, की बोट पूर्ववत होण्याची शक्यता झपाट्याने मावळते. येथे एक दक्षता आवश्यक असते. जहाजाच्या नोंदवहीतील टनभार हे बंदिस्त जागेचे माप असते, वजनाचे नव्हे. तो आकडा गणितात वजन म्हणून वापरल्यास पुढील सर्व दृश्य चुकते.

संगणकापूर्वी अशी दृश्ये हौदात छोट्या प्रतिकृती सोडून चित्रित करीत. लहान लाटा मोठ्या लाटांपेक्षा शीघ्र गतीने हलतात. १/२५ प्रमाणाच्या प्रतिकृतीत हालचाल पाचपट वेगाने होते. म्हणून सेकंदास २४ ऐवजी १२० चौकटी टिपून त्या नेहमीच्या वेगाने दाखवाव्या लागतात. असे न केल्यास जहाज खेळण्यासारखे दिसते. संगणकीय पद्धतीत जहाजाच्या बांधणीच्या आराखड्यांवरून त्रिमितीय प्रतिमान तयार करून वजन, लाटा व आत शिरणारे पाणी यांचे गणित क्षणाक्षणाला सोडविले जाते. १९९४ मध्ये बाल्टिक समुद्रात बुडालेल्या ‘एस्टोनिया’ या फेरीबोटीचे अशा प्रकारचे सविस्तर अभ्यास २००८ मध्ये पूर्ण झाले. येथे चित्र हा गणिताचा निष्कर्ष असतो. कलावंताच्या कल्पनेला वाव केवळ पृष्ठभागापुरता उरतो.

रामदास बोटीची दुर्घटना : महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या पद्धतीची उपयुक्तता व मर्यादा दोन्ही दाखविणारी घटना म्हणजे ‘रामदास’ या आगबोटीचा अपघात होय. ही बोट इंग्लंडमधील स्वॉन हंटर कंपनीने १९३६ मध्ये बांधली. तिचा नोंदणीकृत टनभार ४०६, लांबी १७९ फूट व रुंदी २९ फूट होती. गुरुवार, १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ८ च्या सुमारास ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. प्रवासी व खलाशी मिळून तीवर ७०० च्या आसपास माणसे होती. पावसाळी वादळी समुद्रात, साडेआठच्या सुमारास, काश्याच्या खडकाजवळ ती कलंडून बुडाली. मृतांचे आकडे निरनिराळ्या नोंदींत भिन्न असले, तरी ते सर्व ६०० च्या वर आहेत. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबईस वार्ता पोहोचण्यास काही तास लागले. रेवसकडील कोळी बांधवांनी आपल्या होड्यांतून अनेकांचे प्राण वाचविले. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असता कोकणातील असंख्य घरांवर हा आघात झाला.

या बुडीचे चित्र उपलब्ध नाही. पुनर्रचनेसाठी बोटीची मापे, निघण्याची वेळ, अपघाताची जागा, हवामानाच्या नोंदी व वाचलेल्यांच्या आठवणी एवढी सामग्री हाती राहते. यांपैकी काही गोष्टी परस्परांशी ताडून पाहता येतात. दोन वेळा व एक जागा यांवरून बोटीचा सरासरी वेग निघतो. तो तिच्या क्षमतेशी जुळला नाही, तर एखादी नोंद चुकीची ठरते. भरती-ओहोटीचे गणित मागील कोणत्याही दिवसासाठी करता येते. तो दिवस अमावास्येच्या तोंडावरचा, म्हणजे उधाणाच्या भरतीचा होता. त्यामुळे त्या सकाळच्या पाण्याची उंची व प्रवाहाची दिशा यांचा अंदाज बांधणे शक्य आहे. विशिष्ट लाट कोणत्या क्षणी आदळली, हे मात्र कोणतेही गणित सांगू शकत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न घटनाक्रमाचा आहे. लाटेने बोट कलली व घाबरलेले प्रवासी एका बाजूस धावल्याने ती उलटली, असे या अपघाताचे वर्णन सामान्यतः केले जाते. परंतु प्रवासी आधी धावले की बोट आधी कलली, आणि कललेल्या डेकवरील ती धाव होती की घसरण, यांवर दोषाचा भार अवलंबून असतो. माणसे धावताना आधी दाखविली, तर दोष मृतांच्या माथी जातो. बोट आधी कलताना दाखविली, तर अशा समुद्रात ती सोडण्याचा निर्णय, तिचे संतुलन आणि सुरक्षेची साधने यांकडे लक्ष वळते. दोन्ही सचेतनपट सारखेच खरे भासतील. लेखी वृत्तांतात ‘बहुधा’ हा शब्द योजता येतो. चित्राला तसा शब्द नसतो, त्याला एकच क्रम स्वीकारावा लागतो. ज्या कुटुंबांतील माणसे परतली नाहीत, त्यांच्या दृष्टीने हा भेद केवळ तांत्रिक नाही.

मर्यादा : जेथे अवशेष, साक्षीदार व जागा यांपैकी काहीच नाही, तेथे पुनर्रचना शक्य होत नाही. ‘वैतरणा’ ऊर्फ ‘विजळी’ ही आगबोट नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईस येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सर्व माणसांसह नाहीशी झाली. तिच्याविषयी लोकगीते व दंतकथा विपुल आहेत. परंतु तिचे अखेरचे क्षण दाखविणारा सचेतनपट हे काल्पनिक चित्रच राहील. याउलट अलीकडे पुरावा मुबलक मिळू लागला आहे. मोठ्या जहाजांवरील प्रवासनोंदक यंत्रे वेग, दिशा व सुकाणूघरातील संभाषण साठवितात. मुंबई बंदरात १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या वेगवान नौकेशी झालेल्या टकरीत ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट बुडाली. त्या धडकेपूर्वीचे क्षण एका प्रवाशाच्या मोबाइल फोनवर टिपले गेले होते.

म्हणून चांगल्या पुनर्रचनेत सिद्ध, संभाव्य व काल्पनिक असे भाग वेगळे ओळखता येतील अशी योजना करतात. रंग वा रेषा बदलून अनुमानित भाग दाखविणे, परस्परविरोधी साक्षींनुसार एकाहून अधिक क्रम शेजारी मांडणे आणि नवा पुरावा मिळताच चित्र बदलणे, हे त्याचे मार्ग होत. मृतांचे चेहरे व अखेरची धडपड तपशिलाने न रंगविण्याचा संयमही आवश्यक मानला जातो. आधार व अनुमान यांतील सीमा प्रेक्षकास स्पष्ट दिसली, तरच अशी पुनर्रचना स्मारक व साक्ष या दोन्ही नात्यांनी विश्वसनीय ठरते.