रात्री लाईट गेली अन् बायपॅप बंद पडलं तर? घरच्यांनी आधीच करा ही तयारी

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा बहुतांशी मुलग्यांना होणारा आनुवंशिक आजार. आधी पायांतली ताकद जाते, पुढे श्वासाचे स्नायूही थकतात. त्रास सुरू होतो तो झोपेत. सकाळी डोकं दुखणं, दिवसभर पेंग येणं, रात्री वारंवार जाग येणं, असं दिसलं तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

अशा रुग्णाला डॉक्टर रात्री बायपॅप मशीन लावायला सांगतात. मास्कमधून दाबाने हवा आत जाते, थकलेल्या स्नायूंना आराम मिळतो.

ऑक्सिजन सिलिंडर हा याला पर्याय नाही. श्वास उथळ असताना नुसता ऑक्सिजन दिला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. १०८ ची गाडी आली तरी आजाराचं नाव आधी सांगा, बायपॅप सोबत न्या.

लाईटचं काय?
- इन्व्हर्टरवर मशीन किती तास चालतं, हे दिवसा, रुग्ण जागा असताना तपासा.
- हाताने दाबायची अंबू बॅग घरात ठेवा. ती वापरायला घरातले दोघं तरी डॉक्टरांकडून शिकून घ्या.
- मास्क रोज धुवा, मशीनचा फिल्टर वेळेवर बदला.
- मशीनचं सेटिंग मनाने बदलू नका.