‘फॉरमॅट मारू का?’ असं विचारलं तर...

कॉम्प्युटर हळू चालायला लागला, मध्येच बंद पडायला लागला, की आपल्याकडे त्यावर एकच औषध. फॉरमॅट! सटाणा असो, नामपूर असो नाहीतर ताहाराबाद. दुकानातला मुलगा येतो, दोन बटणं दाबून बघतो आणि म्हणतो, ‘‘फॉरमॅट मारावा लागेल. काही महत्त्वाचं आहे का यात?’’

प्रश्न बरोबर आहे. पण तो विचारला जातो कुणाला? घरातल्या दादांना, भाऊंना. आणि ते सहज सांगून टाकतात, ‘‘काही नाही, मार.’’ त्यांना कुठे ठाऊक असतं, की त्याच कॉम्प्युटरवर वहिनींनी बचत गटाचा सगळा हिशेब मांडून ठेवलाय? डाळिंबाच्या फवारणीची वही उतरवलीय, शिवणकामाच्या गिऱ्हाइकांची मापं लिहिलीत, मुलीच्या बारशाचे फोटो साठवलेत! कॉम्प्युटर घराचा असतो, पण त्यातलं बरंचसं काम बाईचं असतं. म्हणून मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं. त्यासाठी इंजिनीअर व्हायची गरज नाही. चार गोष्टी माहीत असल्या की पुरे.

फॉरमॅट म्हणजे नेमकं काय?

हार्डडिस्क म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली डब्यांची मांडणी समजा. कोणत्या डब्यात काय आहे, याची एक यादी कॉम्प्युटर ठेवतो. ‘क्विक फॉरमॅट’ म्हणजे ही यादी फाडून टाकणं. डाळ-तांदूळ डब्यातच असतात, पण कॉम्प्युटरला ते डबे रिकामे वाटतात. मग विंडोज नव्याने टाकली, की ती त्याच डब्यांत आपलं सामान ओतते. तेवढ्या जागेवरचं जुनं सामान कायमचं गेलं.

म्हणून एक लक्षात ठेवा. चुकून फॉरमॅट झालाच, तर त्या कॉम्प्युटरवर पुढे काहीही करायचं नाही. नवीन काही टाकायचं नाही, बंद करून ठेवायचा. जुन्या हार्डडिस्कवरचा बराच डेटा जाणकार माणूस परत काढू शकतो. मात्र हल्लीच्या एसएसडीमध्ये ही आशा फार कमी असते.

आपल्याकडे देवमामलेदारांनी दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी मोकळा केला आणि तपासणीच्या वेळी तो पूर्ण भरला, असं श्रद्धेनं सांगतात. कॉम्प्युटरची तिजोरी मात्र अशी आपोआप भरत नाही, बरं का!

सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह

बहुतेक कॉम्प्युटरमध्ये डिस्कचे दोन-तीन भाग केलेले असतात. विंडोज राहते सी ड्राइव्हवर. फक्त सी फॉरमॅट केला, तर डी वरचं सामान जागच्या जागी राहतं. पण मुलाने घाईत सगळे भाग पुसून नवे पाडले, तर डी सुद्धा गेलं! म्हणून आधीच स्पष्ट बजावायचं, ‘‘फक्त सी. डी ला हात लावायचा नाही.’’

आणि आपली खरी फसगत इथेच होते. समोर पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटोंचा फोल्डर हे सगळं नेहमीच्या मांडणीत सी ड्राइव्हवरच असतं. डोळ्यांसमोर दिसतं म्हणून सुरक्षित वाटतं आणि पहिल्यांदा जातं तेच.

आधी काय काय काढून ठेवायचं?

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो हे चार फोल्डर तर घ्यायचेच. टॅलीवर हिशेब असेल, तर त्याचा डेटाही बहुतेक वेळा सी वरच असतो. टॅलीतूनच बॅकअप घ्या. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वहीत उतरवा आणि ती वही कपाटात ठेवा.

मराठी फॉन्ट विसरू नका! पूर्वी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं, लग्नपत्रिका, गटाचे ठराव तो फॉन्ट नसेल तर उघडल्यावर भलतीच चिन्हं दाखवतात. फाइल खराब झालेली नसते, फक्त तिचा फॉन्ट हरवलेला असतो. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट आधी पेनड्राइव्हवर घ्या. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मराठीला हा त्रास नाही. पुढचं काम त्यातच करा.

लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नाही, जागा असूनही ‘फाइल मोठी आहे’ असं येतं? पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीचा असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तो रिकामा करून ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केला, की काम होतं.

काढलेली प्रत एकाच ठिकाणी ठेवू नका. एक पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर, दुसरी माहेरी किंवा गूगल ड्राइव्हवर. तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते. आणि सर्वांत महत्त्वाचं, कॉपी झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार फाइली उघडून बघा. दूध ऊतू जाण्याआधी गॅस बंद करायचा असतो, नंतर नाही!

जुनी विंडोज परत टाकावी का?

‘‘काकू, जुनी विंडोज टाकतो, पळेल एकदम!’’ हा सल्लाही आपण ऐकतो. त्यात तथ्य आहे. २००१ साली आलेल्या एक्सपीवर आपल्यातल्या कितीजणी एमएस-सीआयटी शिकल्या! २००७ मध्ये व्हिस्टा आली, ती जुन्या मशीनला जड गेली आणि अनेकांनी पुन्हा एक्सपीच टाकून घेतली. त्या वेळी ते शहाणपणाचं होतं, कारण एक्सपीला कंपनीचा आधार होता.

तो आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला. आधार संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण नवी चोरवाट सापडली, तर ती बुजवायला कुणी येत नाही. दाराची कडी तुटलेली आणि सुतार गाव सोडून गेलेला, अशातली गत. गूगल क्रोमनेही २०२३ पासून विंडोज ७ साठी नवी आवृत्ती देणं बंद केलं.

तेव्हा हिशेब सोपा ठेवा. कॉम्प्युटर फक्त टायपिंगला, छपाईला, जुन्या सॉफ्टवेअरला लागतो आणि नेट जोडायचंच नाही, तर विंडोज ७ चालेल. बँकेचे व्यवहार, आधार-पॅनची कामं त्यावर नकोत. नेट हवं आणि मशीन जुनं आहे, तर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकने बनवलेली बॉस लिनक्स विचारून बघा. दोन्ही फुकट आहेत. मात्र टॅली किंवा श्रीलिपी त्यावर सरळ चालत नाही, हे आधी जाणून घ्या.

जुनी विंडोज टाकण्याआधी आणखी एक. त्या मशीनचे ड्रायव्हर मिळतील का, हे विचारा. नाहीतर विंडोज बसते, पण आवाज नाही, नेट नाही, प्रिंटर नाही! आणि कधी कधी फॉरमॅटची गरजच नसते. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असतो किंवा आत धूळ साचलेली असते. हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर फॉरमॅटने ती बरी होणार नाही. आधी डेटा काढा, मग डिस्क बदला. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकली, तर जुना कॉम्प्युटरही चांगला वेग धरतो.

विकताना तर जास्तच जपा

जुना कॉम्प्युटर विकताना ‘‘फॉरमॅट मारलाय, काही नाही आता यात’’ यावर विसंबू नका. क्विक फॉरमॅटने फक्त यादी जाते, हे आपण वर पाहिलं. घरातले फोटो, आधारकार्डाच्या प्रती परक्या हाती लागू शकतात. एक्सपीच्या काळात तर पूर्ण फॉरमॅटही जुनं पुसत नसे. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहून जुनं पुसतं. वेळ लागतो, पण तोच करून घ्या. विंडोज १० किंवा ११ असेल, तर ‘रीसेट’ करताना ड्राइव्ह स्वच्छ करण्याचा पर्याय निवडा. डिस्क बंदच पडलेली असेल, तर ती काढून घरी ठेवा आणि बाकीचं विका.

तर पुढच्या वेळी दुकानातला मुलगा आला आणि दादांकडे बघून त्याने तोच प्रश्न विचारला, तर हातातलं काम बाजूला ठेवून बाहेर या आणि सांगा, ‘‘थांब रे बाळा. यात माझं काम आहे. आधी मला ते काढून घेऊ दे.’’