बैलाच्या पाठीवरची तिजारत

आज अंबाजोगाईच्या दुकानात कापडाची गाठ ट्रकमधून उतरते. बिल्टी पाहिली, भाडे चुकते केले की काम संपले. पण रेल्वे नव्हती आणि पक्की सडकही नव्हती, तेव्हा हा माल घाट कसा चढत होता, याचा विचार व्यापारी बंधूंनी जरूर करावा.

हे काम लमाण-बंजाऱ्यांचे होते. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १४ हजार बैलांचा तांडा भेटला. असा तांडा दिवसाला जेमतेम सहा-सात मैल चाले, असे तो लिहितो. कोकणचे मीठ वर देशावर यायचे आणि परतीला धान्य जायचे. पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा असे. तिच्या आवाजावर मागची रांग चाले. नकाशा कोणाकडेच नव्हता. पाणी कुठे, चारा कुठे, कोणती नदी कधी उतार देते, हे सारे नाईकाच्या डोक्यात असे. मुक्कामाला गोण्या रचून त्यांचीच भिंत करीत.

मोमिनाबाद हे अंबाजोगाईचे निजामकालीन नाव. बालाघाटावरच्या या गावी हैदराबाद कंटिन्जन्टच्या घोडदळाची छावणी होती. घोड्यांना दाणा रोज लागतो. १८०३ च्या युद्धात वेलस्लीच्या फौजेची रसदही मोठ्या प्रमाणात बंजाऱ्यांवर होती. दाणा दोन्ही बाजूंना लागतो, म्हणून लढाईच्या मुलखातूनही तांडा वाट काढी.

कापसाचा हिशेब

वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांवरून सुमारे ५०० मैल दूर गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. रोज ओझे उतरवायचे आणि पुन्हा लादायचे. धूळ बसे, पावसात माल भिजे आणि भाव पडे. १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी ५०० बैल कापूस मुंबईकडे धाडला. बाजाराची दिशा बदलू लागली ती तेव्हापासून.

कॅनडातही असाच धंदा होता. १६७० मध्ये सनद मिळालेली हडसन बे कंपनी बीव्हरची कातडी घेई आणि बदल्यात लोकरी घोंगड्या देई. तिथे बैलाऐवजी होडी होती आणि वाटा दाखवीत तिथलेच आदिवासी. मुनाफा मात्र लंडनला जाई. ही कंपनी टिकली, पुढे मोठमोठी दुकाने चालवू लागली. तिचीही शेवटची दुकाने २०२५ मध्ये बंद झाली.

वाट गेली, धंदा गेला

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली आणि बैलाचे भाडे परवडेनासे झाले. ज्यांच्या भरवशावर फौजा जेवल्या, त्यांनाच पुढे ब्रिटिश मुलखात ठिकठिकाणी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ठाण्यात हजेरी द्यावी लागली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आज बीड जिल्ह्यातल्या तांड्यांवरची अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात.

त्यांची सचोटी कमी पडली नव्हती, मेहनतही नाही. भाडे बदलले आणि नव्या वाहतुकीत त्यांना हिस्सा मिळाला नाही. मोठ्या कंपन्या आता माल थेट गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचवतात. आपल्या पेठेतल्या छोट्या दुकानदाराने नाईकाची ही हकीकत ध्यानात ठेवावी.